करड्या चौकोनाचा इतिहास

दिवाळी अंकाच्या दिवसांत एखाद्या डीटीपीच्या टेबलामागे उभं राहिलं, तर एक गोष्ट हमखास बघायला मिळते. दीडशे-दोनशे पानांची फाइल उघडलेली असते. तीत व्यंगचित्रं, छायाचित्रं, चित्रकारांनी पाठवलेली रेखाटनं आणि जाहिराती. पान पुढे सरकवलं की पडदा क्षणभर पांढरा होतो, मग चित्र तुकड्या-तुकड्यानं उगवतं. मुद्रितशोधकानं दाखवलेला एक अनुस्वार दुरुस्त करायचा, तरी त्या पानावर पोचेपर्यंत माणूस कंटाळतो. मग कुणी जाणकार येतो, मेनूतला एक पर्याय बदलतो आणि सगळी चित्रं एकदम पुसट होतात, किंवा त्यांच्या जागी नुसते करडे चौकोन येतात. काम पुन्हा धावायला लागतं.

हा उपाय इतका सवयीचा झालाय, की तो कुणीतरी कधीतरी शोधून काढला असेल हे मनातही येत नाही. पण पानातून चित्र काढून घ्यायचं, त्याचा पत्ता तेवढा लिहून ठेवायचा आणि पडद्यावर एक बदली नमुना दाखवायचा, या युक्तीला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. संगणकाच्या आधीचा धरला तर त्याहून जास्त. या युक्तीमुळे एका टेबलावर, एका माणसानं अख्खं मासिक तयार करणं शक्य झालं. आणि याच युक्तीमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या कित्येक मराठी अंकांच्या मूळ फायली आज उघडल्या, तरी त्यांतून अंक पुरता परत मिळत नाही. दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून आल्या, म्हणून त्या एकत्र सांगायला हव्यात.

खिळे, ब्लॉक आणि खिडकी

शिशाच्या खिळ्यांच्या काळात चित्र पानातच असायचं, अगदी हाताला लागेल असं. छायाचित्र छापायचं तर आधी त्याचा ब्लॉक करून घ्यावा लागे. जाळीच्या काचेतून छायाचित्राचं पुन्हा छायाचित्र घ्यायचं, म्हणजे त्याचे लहानमोठे ठिपके होतात. ते जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं कोरायचे. आणि पत्रा लाकडावर बसवून त्याची उंची खिळ्यांइतकी करायची. जुळारी मग तो ब्लॉक मजकुराच्या ओळींशेजारी फर्म्यात घट्ट बसवायचा. ब्लॉक करणं हा स्वतंत्र धंदा होता. 'राजा हरिश्चंद्र'कडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके याच धंद्यात होते. १९०८च्या सुमारास त्यांनी लोणावळ्याला ब्लॉक आणि छपाईचा कारखाना सुरू केला होता.

या व्यवस्थेतली एक गोष्ट पुढच्या कहाणीसाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. छपाई झाली की मजकुराचे खिळे सुटे करून परत खणांत टाकले जात. पान मोडलं जाई. पण ब्लॉक पैसे मोजून करून घेतलेला असे, म्हणून तो जपून ठेवला जाई आणि पुन्हा वापरला जाई. म्हणजे मजकूर विरून जायचा आणि चित्र उरायचं.

ऑफसेट छपाई आली तेव्हा चित्र पहिल्यांदा पानाबाहेर गेलं. आता पान म्हणजे एक पांढरा पुठ्ठा होता आणि त्यावर ब्रोमाइडवर निघालेल्या मजकुराच्या पट्ट्या कापून चिकटवल्या जात. छायाचित्र मात्र तसंच चिकटवून चालत नसे. मजकूर म्हणजे निव्वळ काळं-पांढरं; छायाचित्रात मधल्या छटा असतात, त्यांचे ठिपके करण्यासाठी ते जाळीतून वेगळं शूट करावं लागे. म्हणून पुठ्ठ्यावर चित्राच्या जागी काळा किंवा लाल कागद चौकोनी कापून चिकटवायचे. कॅमेऱ्याखाली त्या चौकोनाची निगेटिव्हवर पारदर्शक खिडकी व्हायची आणि त्या खिडकीत छायाचित्राची वेगळी निगेटिव्ह बसवली जायची. चित्र कोणतं आणि कसं कापायचं हे कळावं म्हणून काही वेळा त्या जागी चित्राची झेरॉक्स लावत आणि वर लिहून ठेवत, की ही फक्त जागेपुरती आहे. इंग्रजी छापखान्यांत त्यासाठी तीन अक्षरांचा संक्षेप रूढ होता: एफपीओ.

पानावर चौकोन, चित्र दुसरीकडे, आणि दोघांची गाठ छपाईच्या अगदी शेवटच्या पायरीवर. संगणकानं ही पद्धत शोधली नाही, तर पेस्टअपच्या टेबलावरून उचलली. फरक एवढाच, की टेबलावर खिडकी आणि निगेटिव्ह यांची गाठ घालणारा माणूस दोन्हीकडे बघू शकत होता.

पावणेदोन लाख बिंदूंची नव्हे, कोटीच्या घरातली पानं

१९८४मध्ये पॉल ब्रेनर्ड यांनी सिएटलला ऑल्डस ही कंपनी काढली. नाव घेतलं होतं व्हेनिसचा मुद्रक ऑल्डस मॅन्युशियस याचं. ब्रेनर्ड त्याआधी अ‍ॅटेक्स या कंपनीत होते, जी वर्तमानपत्रांसाठी मोठ्या संगणकप्रणाली बनवत असे. 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हा शब्दप्रयोग रूढ केला तो त्यांनीच. जुलै १९८५मध्ये त्यांचं पेजमेकर बाजारात आलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अ‍ॅपलनं लेझररायटर हा प्रिंटर आणला होता आणि त्या प्रिंटरच्या पोटात अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा होती.

या तिघांचं जमलं, त्यामागे एक साधा हिशेब आहे. त्या वेळच्या मॅकिंटॉशचा पडदा ५१२ बाय ३४२ बिंदूंचा, म्हणजे साधारण पावणेदोन लाख बिंदू, तेही फक्त काळे किंवा पांढरे. ते साठवायला बावीस किलोबाइट पुरत. लेझररायटर मात्र इंचाला ३०० ठिपके छापायचा. ए-४ आकाराच्या पानाचे त्या मापानं ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपका नुसता काळा-पांढरा धरला तरी एक मेगाबाइटहून जास्त. मॅकमध्ये एकूण मेमरी होती ५१२ किलोबाइट. म्हणजे जे पान छापायचं ते त्या यंत्रात मावतच नव्हतं. लेझररायटरमध्ये दीड मेगाबाइट मेमरी होती आणि त्याचा प्रोसेसरही मॅकपेक्षा वेगवान होता. सात हजार डॉलरांच्या आसपास किंमत असलेला तो प्रिंटर त्याला जोडलेल्या संगणकापेक्षा ताकदवान होता.

त्यामुळे संगणकानं प्रिंटरला पान पाठवायचं नाही, पानाचं वर्णन पाठवायचं, असं ठरलं. इथून इथपर्यंत रेघ, या ठिकाणी या टाइपात ही अक्षरं. ठिपके करायचं काम प्रिंटरचं. पोस्टस्क्रिप्ट म्हणजे हेच वर्णन. अक्षरं आणि रेघा यांच्या बाबतीत ही युक्ती फारच छान चालली, कारण त्यांचं वर्णन थोडक्यात होतं. छायाचित्राचं वर्णन थोडक्यात होत नाही. प्रत्येक बिंदूचा रंग सांगावाच लागतो.

रंगीत छपाई आली तेव्हा हा हिशेब हाताबाहेर गेला. ए-४ पानभर छायाचित्र, इंचाला ३०० बिंदू, चार शाईंचे चार बाइट: सुमारे साडेतीन कोटी बाइट. एका चित्राचे. १९९०च्या सुमारास चांगल्या मॅकमध्ये ४० किंवा ८० मेगाबाइटची हार्ड डिस्क असायची. अशी दोन चित्रं ठेवली की ती भरत आली. यंत्रं एकमेकांना जोडणारी लोकलटॉकची तार सेकंदाला २ लाख ३० हजार बिट वाहून न्यायची. त्या वेगानं ते एक चित्र एका यंत्रातून दुसऱ्यात जायला, काहीही अडथळा न येता, वीस मिनिटं लागली असती. आणि पान हलवलं, की पडद्यावर ते पुन्हा काढायचं. पुन्हा पुन्हा, दर हालचालीला.

आज 'सॉफ्टवेअर हळू चालतं' म्हणून जी तक्रार होते, तिचं मूळ रूप हे.

पत्ता आणि छोटी प्रत

उपाय दोन भागांत आला. पहिला भाग: चित्र पानाच्या फायलीत ठेवायचंच नाही, ते डिस्कवर कुठे आहे ते लिहून ठेवायचं. १९८६मध्ये आलेल्या व्हेन्चुरा पब्लिशरची तर सगळी रचनाच अशी होती. त्याच्या प्रकरणाच्या फायलीत मजकूरही नसे आणि चित्रही नसे. दोन्हींचे पत्ते असत. त्यामुळे ते जाडजूड पुस्तकं लीलया हाताळायचं. पण फायली नेहमीसारख्या दुसऱ्या डिरेक्टरीत हलवल्या तर प्रकरणाला त्या सापडत नसत. फायली नीट हलवण्यासाठी व्हेन्चुराला वेगळी आज्ञाच द्यावी लागे.

पेजमेकरनं मधला मार्ग घेतला. मजकूर आत, मोठी चित्रं बाहेर. चित्र २५६ किलोबाइटहून मोठं असलं की ते विचारायचं: एवढी जागा लागेल, तरी पूर्ण प्रत आत घेऊ का? ज्यांनी पेजमेकरवर काम केलंय त्यांच्या बोटांना ती चौकट आठवत असेल. घाईतला माणूस 'नाही' म्हणायचा, आणि तेच बरोबर होतं, कारण 'हो' म्हटलं तर फाइल फुगायची आणि सेव्ह करताना चहा पिऊन येता यायचं. 'नाही' म्हणणं म्हणजे एक वचन देणं होतं, की हे चित्र मी इथून हलवणार नाही. चौकटीवर तसं लिहिलेलं नव्हतं.

दुसरा भाग: पडद्यापुरती छोटी प्रत. पडद्यावर इंचाला ७२ बिंदूच दिसणार, तर ३०० कशाला काढायचे? लांबी-रुंदी दोन्हींत घट होत असल्यानं बिंदू सतरा पटींनी कमी होतात. ईपीएस या फाइल-प्रकारात तर दोन्ही वस्तू एकाच लिफाफ्यात घातल्या होत्या: आत प्रिंटरसाठी पोस्टस्क्रिप्टमधलं खरं वर्णन आणि वर माणसासाठी एक अंधुक चित्र. मॅकवर हे अंधुक चित्र फायलीच्या एका वेगळ्या कप्प्यात राहायचं, जो कप्पा विंडोजच्या यंत्रांना ठाऊकच नव्हता. फाइल मॅकवरून पीसीवर आणली की कप्पा गळून पडायचा आणि पानावर करडा चौकोन उरायचा. छापलं तर चित्र व्यवस्थित येई. दिसत मात्र काही नसे. पेजमेकरच्या सेटिंगमध्येही तीन पर्याय होते: चित्रं करडी दाखवा, साधारण दाखवा, पूर्ण बारकाव्यानिशी दाखवा. इनडिझाइनमध्ये आज दिसणारे तीन पर्याय त्यांचेच वारस.

यंत्रानं न वाचलेल्या ओळी

मोठ्या छापखान्यांनी याच कल्पनेचा कारखाना केला. इस्रायलच्या सायटेक्स कंपनीच्या यंत्रांवर रंगीत कामं होत. तिथे त्यांची स्वतःची चित्र-बदल पद्धत होती. ऑल्डसनं १९८०च्या दशकाच्या अखेरीस सर्वांना वापरता येईल अशी पद्धत मांडली: ओपन प्रीप्रेस इंटरफेस, म्हणजे ओपीआय.

काम असं चाले. स्कॅनरवर बसलेला माणूस चित्र पूर्ण तपशिलानं स्कॅन करून सर्व्हरवर ठेवायचा. सर्व्हर त्याची एक हलकी प्रत तयार करायचा. पान लावणाऱ्याला ती हलकी प्रत मिळायची. तो ती कापायचा, फिरवायचा, लहानमोठी करायचा. मग पान छपाईला पाठवलं, की वाटेत सर्व्हर ते अडवायचा, हलक्या प्रतींच्या जागी खरी चित्रं घालायचा आणि त्यांना तीच काटछाट करून पुढे धाडायचा. साडेतीन कोटी बाइट टेबलावर कधी यायचेच नाहीत. पान लावणाऱ्याचं यंत्र पिसासारखं हलकं राहायचं.

हे सर्व्हरला कळायचं कसं, तर पोस्टस्क्रिप्टमधल्या शेऱ्यांतून. त्या भाषेत % या खुणेनं सुरू होणारी ओळ प्रिंटर वाचत नाही; ती माणसांसाठी लिहिलेली टीप मानली जाते. ओपीआयनं चित्राचं नाव, पत्ता, कापण्याची मापं हे सगळं या ओळींत घातलं. मधे सर्व्हर असला तर तो त्या वाचायचा. नसला, तर प्रिंटर त्या ओलांडून पुढे जायचा आणि हलकी प्रत बिनदिक्कत छापायचा. कुठेही चूक झाल्याचा संदेश नाही, कारण प्रिंटरच्या दृष्टीनं चूक झालेलीच नसे. छापील अंकात एखाद्या चेहऱ्याच्या जागी चौकड्या-चौकड्यांची जिगसॉ दिसते, तिच्यामागे बहुधा असंच काहीतरी असतं.

उलटंही व्हायचं. कुणी हलक्या प्रतीवरच डाग काढायचा, आकाश निळं करायचा. पडद्यावर छान दिसायचं, प्रुफावरही. छपाईच्या वेळी सर्व्हर इमानानं मूळ चित्र घालायचा, डागासकट. बदली नमुन्यावर केलेली मेहनत कुठेच पोचत नसे.

या दोन्ही अपघातांत सारखेपणा आहे. पडद्यावर जे दिसत होतं आणि जे छापलं जाणार होतं, त्यांचा संबंध एका नावापुरता उरला होता. 'जे दिसतं तेच छापलं जातं' हे डेस्कटॉप पब्लिशिंगचं ब्रीद. रंगीत छायाचित्रांच्या बाबतीत ते पहिल्या दिवसापासून खरं नव्हतं, आणि खरं असतं तर ती यंत्रं चाललीच नसती.

यंत्रं वाढली, चित्रंही वाढली

पुढचा भाग भराभर सांगता येतो. १९८७मध्ये क्वार्कएक्सप्रेस आलं आणि नव्वदच्या दशकात इंग्रजी मासिकांच्या जगात त्यानं पेजमेकरला मागे टाकलं. १९९४मध्ये अडोबीनं ऑल्डस विकत घेतली. १९९९मध्ये अडोबीचं इनडिझाइन आलं. २००१मधलं सातवं पेजमेकर शेवटचं ठरलं. डिस्क आणि मेमरी स्वस्त झाली, तारा वेगवान झाल्या, ओपीआयचे सर्व्हर मागे पडले. २००१मध्येच छपाईसाठी ठरलेल्या पीडीएफ-एक्स-१ए या प्रमाणात ओपीआयला मनाईच करण्यात आली: छपाईला जाणाऱ्या फायलीत चित्र पूर्ण असलंच पाहिजे, अक्षरांचे टाइपही. म्हणजे शेवटच्या पायरीवर आपण पुन्हा फर्म्याकडे आलो. चित्र पानात घट्ट बसवलेलं.

पण त्याआधीच्या पायरीवर, पान लावताना, पत्ता आणि छोटी प्रत हीच जोडी आजही आहे. इनडिझाइन ४८ किलोबाइटपर्यंतचं चित्र आत ठेवून घेतं. त्याहून मोठ्याची छोटी प्रत ठेवतं आणि पत्ता नोंदवतं. मग एवढी यंत्रं वाढूनही फाइल अडखळते का? तर चित्रंही वाढली म्हणून. साध्या कॅमेऱ्यातून निघालेलं ६००० बाय ४००० बिंदूंचं छायाचित्र आपण दोन इंच रुंदीच्या जागेत टाकतो. तिथे लागतात ६०० बाय ४००. उरलेले नव्व्याण्णव टक्के बिंदू छपाईत वायाच जाणार असतात, पण ते वाहून सगळेच न्यावे लागतात. लिंक्सच्या यादीत त्या चित्रासमोर इंचाला ३००० बिंदू असा आकडा दिसतो. तो बघायची सवय लावली आणि चित्र लावून झाल्यावर योग्य आकाराचं करून घेतलं, तर निम्मं दुखणं जातं.

बाकीचं दुखणं कुठे आहे हे इतिहास माहीत असला की ओळखता येतं. चित्रं दुसऱ्या यंत्रावर किंवा क्लाउडवर ठेवलेली असतील, तर फाइल उघडताना प्रत्येक पत्त्यावर जाऊन 'आहेस का, बदललास का' अशी विचारणा होते; काम चालू असेपर्यंत चित्रं आपल्या डिस्कवर आणावीत, लोकलटॉकच्या काळात आणत तशीच. रेषांनी बनलेले नकाशे आणि आराखडे आकारानं लहान असतात, पण उच्च दर्जाच्या दृश्यात त्यांची प्रत्येक रेघ दर वेळी नव्यानं काढावी लागते. तिथे साधारण दृश्य पुरतं. २००८पासून इनडिझाइन मागच्या बाजूला सतत फाइल तपासत असतं. मजकुराची कामं चालू असताना ती तपासणी बंद ठेवता येते, फक्त शेवटी आठवणीनं चालू करावी. आणि अंक फार मोठा असेल तर त्याचे भाग करून वेगळ्या फायली ठेवाव्यात, व्हेन्चुराच्या प्रकरणांसारख्या. यातलं काहीही नवं नाही. वजन शक्य तितका वेळ उचलायचं नाही, हीच चाळीस वर्षांची एकमेव युक्ती.

उधारीची मुदत

वजन उचलणं पुढे ढकललं, की ते कधीतरी उचलावं लागतं. छपाईच्या दिवशी उचललं जातं, कारण त्या दिवशी सगळ्या वस्तू जागेवर असतात. अडचण त्यानंतरची आहे.

मराठीत ही अडचण जास्त तीव्र झाली, त्याचं कारण लिपी. पेजमेकरला देवनागरी कळत नव्हती. त्याला इंग्रजीसारखी एकापुढे एक येणारी अक्षरं कळत होती. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम यांनी त्यावर तोड काढली: इंग्रजी अक्षरांच्या संकेतांच्या जागी देवनागरीचे तुकडे, काने-मात्रा-अर्धी अक्षरं बसवायची. प्रत्येकाची मांडणी वेगळी. त्यातून मराठी छपाईची तीसेक वर्षं उत्तम निघाली. पण ही तोड पेजमेकरवर इतकी नीट बसली होती, की ते बंद पडल्यावरही मराठी प्रकाशनव्यवहार त्यावर वर्षानुवर्षं राहिला. इनडिझाइनला मराठीसह भारतीय लिप्या व्यवस्थित जुळवता यायला लागल्या त्या २०१२च्या सीएस-६ आवृत्तीपासून. योगायोग असा, की पेजमेकरच्या फायली उघडू शकणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्तीही तीच. एक दार उघडलं आणि शेजारचं मिटायला लागलं.

आता अशी एखादी जुनी फाइल उघडली तर काय दिसतं? आधी मुळात ती उघडणारं सॉफ्टवेअर हवं. मग त्या काळचा तोच फॉन्ट हवा, नाहीतर मजकुराच्या जागी लॅटिन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फॉन्ट मिळाला, तर मजकूर वाचता येतो. संकेत बदलून देणारी साधनं आहेत, त्यांतून तो युनिकोडमध्येही येतो. चित्रांसाठी असं साधन नाही. फायलीत पत्ता असतो: डी ड्राइव्ह, त्यात अंकाच्या नावाचं फोल्डर, त्यात स्कॅन. तो संगणक भंगारात गेलेला असतो. स्कॅन झिप डिस्कवर किंवा सायक्वेस्टच्या ४४ मेगाबाइटच्या काडतुसावर हलवलेले असतात आणि ती वाचणारं यंत्र कुणाकडे नसतं. किंवा दुसऱ्या अंकाला जागा हवी म्हणून ते पुसलेले असतात, आणि डिस्कची किंमत पाहता त्यात कुणाचा हलगर्जीपणा म्हणता येत नाही. मूळ चित्रं चित्रकाराला परत गेलेली असतात. हातात राहते ती छोटी प्रत, पडद्यावर इंचाला ७२ बिंदूंची.

ही छोटी प्रतच जास्त फसवते. करडा चौकोन दिसला असता तर चित्र हरवलंय हे निदान कळलं असतं. छोटी प्रत इतकी ठीक दिसते, की फाइल शाबूत आहे असं वाटतं. 'आमच्याकडे सगळ्या अंकांच्या सॉफ्ट कॉप्या आहेत' असं प्रकाशक म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे सीडी असते, सीडीवर फाइल असते, फाइल उघडली तर पानं दिसतात. निवडक अंकाचा संग्रह काढायचा ठरतो, पान छपाईला जातं, आणि तेव्हा समजतं की चित्रांचे पत्ते उरलेत, चित्रं नाहीत. मग छापील अंक शोधून तो स्कॅन करावा लागतो. म्हणजे ठिपक्यांचे पुन्हा ठिपके. रेखाटनाची सुबक रेघ खरखरीत होते, छायाचित्रावर चौकटीच्या कापडासारखी नक्षी उमटते.

खिळ्यांच्या काळाशी तुलना केली तर बाजी बरोबर उलटलेली दिसते. तेव्हा मजकूर मोडला जायचा आणि चित्राचा ब्लॉक कपाटात राहायचा. संगणकावर मजकूर राहिला आणि चित्र गेलं. मराठी दिवाळी अंकांची परंपरा १९०९च्या 'मनोरंजन'पासून सांगितली जाते, आणि मुखपृष्ठं, व्यंगचित्रं, कथाचित्रं यांच्याशिवाय तिचा विचार करता येत नाही. त्या परंपरेतली संगणकाच्या पहिल्या दशकांतली चित्रं मूळ दर्जात मिळवणं हे काही वेळा शंभर वर्षांपूर्वीचा ब्लॉक मिळवण्यापेक्षा कठीण आहे.

यात सॉफ्टवेअर करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पाचशे किलोबाइटच्या यंत्रात दुसरा मार्ग नव्हता, आणि हरवलेल्या चित्रांच्या समोर लाल खूण लावणं, सगळी चित्रं आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा करून देणं, ही सोय त्यांनी पुढे केली. क्वार्कमध्ये ती होती, पेजमेकरमध्ये होती, इनडिझाइनमध्ये 'पॅकेज' या नावानं आहे. ती छापखान्याला फाइल पाठवण्यासाठी केलेली सोय होती, म्हणून आपणही ती छापखान्यापुरतीच वापरली. छापखाना एकाच खोलीत असेल तर तेही केलं नाही. अंक छापून बाजारात गेला की त्याची फाइल म्हणजे शिळी भाकरी.

ज्यांच्याकडे अंक अजून कामावर आहे त्यांच्यासाठी काम फार नाही. छपाईला पीडीएफ गेली की त्याच दिवशी पॅकेज करावं, त्यात चित्रं पूर्ण आकाराची आहेत ना ते बघावं आणि ती छपाईची पीडीएफ त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. मग ते फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेऊन, इंटरनेट आणि नेटवर्क दोन्ही बंद करून, उघडून बघावं. सगळी चित्रं उच्च दर्जाच्या दृश्यात दाखवायला सांगावीत. त्या वेळी फाइल हळू चालेल, पडदा अडखळेल, चित्रं तुकड्या-तुकड्यानं उगवतील. तेवढा वेळ थांबावं. ती उगवली, म्हणजे ती आहेत.